हरवलेलं करडू शोधणाऱ्या शालनबाई

शालन जगदाळे आमच्या शाळेत हजर व्हायला आल्या, त्या दिवशी हजेरीपत्रकावर सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं, "बाई, इथनं सगळ्यात जवळचं शेततळं कुठं हाय?"

"मागे, उसाच्या पलीकडे. का?"

"बघून येते," म्हणाल्या आणि पर्स टेबलावर ठेवून निघूनही गेल्या. अर्ध्या तासाने परतल्या तेव्हा साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. शेततळं, कालव्याच्या पायऱ्या, विजेची डीपी, उसातली पायवाट आणि वस्तीवरचं कोणतं कुत्रं चावरं आहे, इतकं सगळं त्या पाहून आल्या होत्या. मी त्या शाळेत चौदा वर्षं होते. कुत्र्याचं मला ठाऊक नव्हतं.

खुटबावच्या शिवारातली आमची शाळा वस्तीवरची, पाचवीपर्यंतची, दोन शिक्षकांची. मी मुख्याध्यापिका, म्हणून मुलांच्या तोंडी 'मोठ्या बाई'. शालनबाई शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वर्गातसुद्धा घरच्यासारखंच बोलायच्या. मी एकदा सुचवलं की मुलांसमोर प्रमाण भाषा असावी. त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं पुस्तकासारखं बोलते की बाई. साप दिसल्यावर कुनी पुस्तकासारखं वरडतं व्हय?"

मला त्यांचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. शालनबाईंचं चित्र काढायचं आणि माझा हेवा झाकायचा, असं केलं तर चित्र खोटं होईल.

सुरुवात त्यांच्या शनिवारच्या खेळापासून झाली. दप्तराविना शाळेचा तो दिवस. शालनबाई व्हरांड्यात खडूने एक शिवार काढायच्या. कालवा, ऊस, शेततळं, एकटं उभं बाभळीचं झाड, डीपी. मग मुलांना कामं वाटून द्यायच्या. कोणी वाटाड्या, कोणी गुराखी, कोणी वैदू, कोणी हाकाऱ्या. प्रत्येकाच्या झोळीत तीनच वस्तू. दोर, शिट्टी, काठी, पाण्याची बाटली, रिकामा कॅन, जे ज्याला हवं ते त्याने निवडायचं. मोहीम एकच असायची. गंगी शेळीचं करडू हरवलंय, दिवस मावळायच्या आत शोधून आणायचं. पुढची गोष्ट शालनबाई सांगायच्या, पण गोष्टीत काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. जमलं की फसलं, ते लाकडी फासा सांगायचा.

"तुम्ही उसाच्या कडंला हायसा. आत कायतरी खसपसलं. रूपाली, तू म्होरं हायेस. काय करशील?"

"पळंन."

"पळ. टाक फासा."

फाशावर दोन पडले.

"बिबट्या तुझ्यापरीस जोरात पळतो, बया. तू बाद. बस गप आन् बघ बाकीचे काय करत्यात."

मग बाकीचे एकमेकांना चिकटून, हात उंच करून, तोंड बिबट्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे सरायचे. आभाळ गडगडलं की बाभळीपासून लांब जाऊन उकिडवे बसायचे. साप चावला तर वैदूने पाय हलू न देता दोघांना गाडी बोलवायला पाठवायचं. जो जखम चोखायला जाईल, त्याला शालनबाई म्हणायच्या, "आता दोन पेशंट झाले."

हे सगळं मीही शिकवत होते. दर जूनमध्ये सुरक्षिततेचे बारा नियम फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहायचे आणि मुलं ते सुरात म्हणायची. पाण्याजवळ एकटे जाऊ नये. सापाला डिवचू नये. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्याचं कौतुक केलं होतं. पण माझे नियम म्हणताना मुलं खिडकीबाहेर बघायची, आणि शालनबाईंच्या खेळात बाद झालेली मुलंसुद्धा जागची हलायची नाहीत. भिंतीपलीकडून हशा आला की मी पाढे मोठ्याने म्हणून घ्यायचे.

रूपालीला अक्षर ओळखायला मी शिकवलं होतं. तिच्या घरची शेवंतीची शेती. पहिलीपासून रोज सकाळी ती माझ्या टेबलावर एक फूल ठेवायची. चौथीत असताना एका शनिवारी टेबल रिकामं होतं आणि शेवंती शालनबाईंच्या अंबाड्यात होती. पन्नाशीला टेकलेली बाई मी, एका फुलासाठी दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. शालनबाईंनी डब्यातली मेथीची भाजी पुढे केली, तर उपास आहे म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात मी केंद्रप्रमुखांना एक निनावी पत्र लिहिलं. 'शाळेत उघडपणे फासे टाकले जातात. मुलांना जुगाराची गोडी लागत आहे.' खाली सही केली, 'एक चिंतित पालक'.

केंद्रप्रमुख नवीन होते. त्यांनी लगेच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, "बाई, पोरं खुशीत हायेत ते दिसतंय. पन फासा म्हनलं की लोकं नावं ठेवत्यात." पत्र हातोहात फिरलं. शालनबाईंनी ते घेतलं, जरा वेळ पाहिलं, घडी घालून आबांना परत दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं. फासा बंद." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या बाजू मांडतील, भांडतील, मग मी मुख्याध्यापिका म्हणून समजूतदारपणे मध्ये पडेन, असं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. त्यांनी मला तेवढीही संधी दिली नाही.

त्यानंतर शनिवारी शालनबाई मुलांना वाचून दाखवू लागल्या. मुलांनी मात्र खेळ सोडला नव्हता. मधल्या सुट्टीत शाळेशेजारच्या पेरूच्या बागेत जाऊन ती चिंचोके फोडून त्यांचे फासे करायची आणि शालनबाईंच्या जागी रूपाली गोष्ट सांगायची. मला ते कळलं. मी तिच्या कंपासपेटीतले चिंचोके काढून घेतले. दुसऱ्या दिवशी ती चिंचेच्या झाडाखाली जाऊन नवे वेचून आली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पाच-सहा मुलं शेततळ्याजवळ खेळत होती. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती. दुसरीतल्या ओमची चप्पल आत गेली, ती आणायला तो वाकला आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून सरळ पाण्यात घसरला. शेततळ्याचा तो कागद शेवाळाने इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही.

सोमवारी सकाळी ओमच्या घरी गेले तेव्हा ओम अंगणात बसून दूधभाकरी खात होता. बाकीचं रूपालीने सांगितलं. तिने सगळ्यांना आधी मागे सारलं. जो सगळ्यात जोरात पळायचा, त्याला जवळच्या घराकडे पिटाळलं. बांधावर फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन पडला होता, तो बूच घट्ट लावून ओमच्या पुढ्यात फेकला आणि "कवळ घाल त्याला, पाय मार" म्हणून ओरडत राहिली. ओमने कॅन कवटाळला. ओमचे चुलते दोर घेऊन येईपर्यंत तो तरंगत होता.

"तुला उडी मारावीशी नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की, बाई. लय वाटली," ती म्हणाली. "पन खेळात मी दोनदा तशीच बुडाले व्हते."

मी परत शाळेत आले आणि कार्यालयाचं दार लावून बसले. माझ्या बारा नियमांत 'पाण्याजवळ जाऊ नये' होतं. जवळ गेल्यावर काय करायचं, हे त्यांत कुठेही नव्हतं.

एवढं कळूनही माझा हेवा गेला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ग्रामसभेत शाळेचा सत्कार झाला. मुख्याध्यापिका म्हणून शाल आणि नारळ मला मिळाला. मी भाषण केलं. 'शाळेचे संस्कार' हे शब्द त्यात तीनदा आले आणि शालनबाईंचं नाव एकदाही आलं नाही. त्या मागे बायकांच्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. रूपाली टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेपुढे खांद्यावरची शाल मला नकोशी झाली.

मे महिन्यात शालनबाईंची बदली झाली. वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यामुळे त्यांनीच अर्ज केला होता. कारेगावची शाळा मिळाली, घराजवळची. मी त्यांना स्कूटीवरून चौफुल्याला सोडायला गेले. शिरूरकडे जाणारी एसटी यायला वेळ होता. रसवंतीच्या सावलीत बाकावर बसलो आणि मी त्यांना सांगून टाकलं, की ते पत्र माझं होतं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तवाच कळलं. येवढं देखनं अक्षर तालुक्यात दुसऱ्या कुनाचं हाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही मोठ्या बाई, मी नवी. वस्तीत दोन तट पडले असते आन् पोरांचा खेळ त्यात मेला असता. गप ऱ्हायले म्हनून पोरांनी तो पेरूच्या बागंत नेला." त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "राग आला व्हता, बाई. न्हाई कसं म्हनू? लय दिस तुमच्या हातचा चहा ग्वाड लागला न्हाई."

मग मी न विचारता त्यांनी सांगितलं. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांची चुलत बहीण विहिरीत पडून बुडाली होती. "दोर माझ्या हातापाशी व्हता. रहाटालाच गुंडाळलेला. मी नुसती वरडत उभी ऱ्हायले. पान्याजवळ जाऊ नगं, हे आज्जीनं शंभरदा सांगितलं व्हतं. सांगितल्यालं वक्ताला आठवत न्हाई, बाई. हातानं केल्यालं आठवतं."

एसटी आली. त्या चढल्या, खिडकीजवळ जागा मिळाली का ते मी खालून वाकून पाहिलं, पण गर्दीत दिसल्या नाहीत. मी माफी मागितली नव्हती, हे बस गेल्यावर लक्षात आलं. त्याच रात्री फोन करून मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. शनवारी पोरांचा खेळ तेवढा चालू ठेवा म्हंजी झालं."

जूनमध्ये शाळा उघडली. नवीन शिक्षक अजून आले नव्हते. पहिल्या शनिवारी मुलं व्हरांड्यात गोळा झाली आणि शालनबाई कुठल्या गावाला गेल्या, तिथल्या मुलांची नावं काय, त्यांनाही गंगीचं करडू शोधायला लावतात का, असं एकमेकांना विचारू लागली. माझा जुना हेवा पुन्हा जागा झाला. पाचवीत गेलेली रूपाली खडू घेऊन शिवार काढायला बसली होती. मी वर्गातून माझी खुर्ची आणून व्हरांड्यात मांडली आणि तिच्यावर बसून म्हणाले, "रूपाली, आजपासून हा खेळ मी घेणार आहे. पण मला येत नाही. तू शिकवशील?"

तिने कालव्याची रेघ पुरी केली, हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"शिकवते की," ती म्हणाली. "पन खाली बसा, मोठ्या बाई. खुर्चीवरनं न्हाई खेळता येत."