तळ्याच्या बांधावरची फायनल

सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसांइतकी शहाणी माणसं अख्ख्या कोल्हापुरात सापडायची नाहीत. निदान त्यांना स्वतःला तरी तसं वाटतं. उजाडता उजाडता कळंब्याच्या तळ्याचा बांध त्यांनी भरून जातो, आणि प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्यासाठी एक फुकटचा सल्ला तयार असतो.

मी तिथं हौसेनं जात नाही. आमच्या ह्यांना विसरायला व्हायला लागलं, म्हणून जाते. शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवलेला माणूस. कुठला बोल्ट कुठल्या खणात, ते डोळे झाकून सांगायचे. आणि एक दिवस दुकानातनं घरी यायची वाटच विसरले. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, आणि चालताना डोकं रिकामं राहू देऊ नका. हे मी बांधावर कुणाशी तरी बोलले मात्र, अख्खा बांध डॉक्टर झाला.

एक निवृत्त साहेब आहेत. दंडाला फोन बांधून पावलं मोजतात. कमी भरली तर घरी सोफ्याभोवती फिरून पुरी करतात, हे त्यांच्याच बायकोनं मला सांगितलंय. ते ह्यांना म्हणाले, "तुम्हीही मोजा, मन गुंततं." अहो, मोटारीचा मीटरसुद्धा मोजतोच की! त्याला काय मन असतं?

जपवाल्या बायकांचं टोळकं तर बघण्यासारखं. बोटात बटणाचं यंत्र, तोंडात सुनेच्या कागाळ्या, आणि मधेच टक्कन बटण दाबायचं. देवानं नक्की काय मोजायचं, नाव की सून, मला काही कळत नाही. त्यांनी तसलं एक यंत्र ह्यांच्या बोटात अडकवलं. ह्यांनी ते उघडलं, आतला सेल काढून बघितला, परत बसवला आणि यंत्र देऊन टाकलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पलीकडं हास्यवाले. हात वर करून हा हा हा! मी एकदा उभी राहून विचारलं, विनोद काय झाला? तर म्हणे, विनोद लागत नाही वहिनी. मला लागतो बाबा.

आणि सगळ्यांवर कडी केली ती पुण्याच्या आमच्या लेकानं. त्यानं फोनवरनं फर्मान काढलं, बाबांना शंभरातनं सात सात वजा करत चालायला सांग. हे त्र्याण्णवपर्यंत आले आणि अडकले. पुन्हा शंभरापासनं धरलं, पुन्हा तिथंच अडकले. "मी काय शाळेत हाय व्हय?" म्हणून माझ्यावर खेकसले, पण तोंड एवढंसं झालं होतं. लेकाचा असा राग आला मला, की आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही.

मग मी माझा उपाय काढला. मी भांडण काढलं.

माझं माहेर एका पेठेतलं, सासर दुसऱ्या. नावं सांगत नाही, उगंच कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं. बाहेरच्यांना पटायचं नाही, पण इथं पेठेची अब्रू फुटबॉलवर ठरते. आमचं लग्न ठरलं त्याच वर्षी ह्या दोन पेठांची फायनल झाली. बरोबरी सुटेना, पेनल्टीवर गेली, आणि माझ्या सख्ख्या भावानं शेवटची पेनल्टी बारवरनं उडवली. संध्याकाळी जिंकलेल्यांची मिरवणूक मुद्दाम आमच्या गल्लीतनं आली. हलगी, गुलाल, आणि सगळ्यात पुढं नाचतंय कोण? नवरा मुलगा! वडील म्हणाले, लग्न मोडा. आईनं कसंबसं निभावून नेलं. मी मात्र सोडलं नाही. भावाचा बॉल आत गेला होता आणि पंच तुमच्या पेठेचा होता, हे मी संसारभर म्हणत आले.

तेच बांधावर काढलं. सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "त्या फायनलला आम्हीच जिंकलो होतो."

"काय?" हे जागीच थांबले. "कुठलं जिंकलाय? तुझ्या भावाचा बॉल झाडात जाऊन अडकला, झाडात! म्हणं जिंकलो! आणि पंच आमच्या पेठंचा कुठला? इचलकरंजीचा हुता!"

आणि मग जी मॅच सुरू झाली! डावीकडनं पास कुणी दिला, कुणाचा बूट फाटला, गोलकीपर कुणाला काय बोलला, सगळं आलं. हातवारे करत, लोकांना धक्के देत हे बांधाच्या टोकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशीही. रोज मी खोटं बोलायची आणि रोज हे जिंकायचे.

पावलंवाले साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, पेशंटला असं चिडवू नये. बीपी वाढेल." मी म्हटलं, "तुम्ही तुमची पावलं मोजा, चुकतील." बीपी म्हणे! हा माणूस माझ्यावर ओरडतोय तोवर जागेवर आहे, एवढं मला कळत होतं, आणि त्यापुढचं कळून घ्यायचं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नेहमीसारखंच मी म्हटलं, "आम्हीच जिंकलो होतो."

हे चालत राहिले. मग माझ्याकडं बघून शांत हसले. "व्हय की," म्हणाले, "जिंकला असाल."

आमच्याकडं माणूस इतकं गोड बोलतो तेव्हा तो परका तरी असतो, नाहीतर मतं मागायला आलेला असतो.

"काय बोलताय अहो?" मी ओरडले. "आम्ही कुठलं जिंकतोय? हरलो! माझ्या भावानं पेनल्टी घालवली! झाडात गेला बॉल! पंच इचलकरंजीचा होता!"

जपवाल्यांची बटणं थांबली. थांबू देत मेल्यांची. मी ह्यांची सगळी मॅच ह्यांना पहिल्यापासनं सांगितली. डावीकडचा पास, फाटका बूट, आमच्या गल्लीतला गुलाल, सगळं. जे उभ्या आयुष्यात कबूल केलं नव्हतं ते बांधावर उभी राहून बोंबलून सांगितलं. रडू येत होतं आणि संतापही. कुणाचा संताप, ते मला अजून सांगता यायचं नाही.

हे मन लावून ऐकत होते. मी संपवल्यावर म्हणाले, "लई भारी मॅच झाली की मग. तुमची पेठ कुठली, वहिनी?"

"तुमचीच," मी म्हणाले.