पाचव्या घरचा जोगवा

त्या मंगळवारी माझा भवानीवर विश्वास होता असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला माझ्या मास्टर्सची दोन सेमिस्टर उरली होती, अर्धवेळ नोकरी सुटली होती, आणि स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाली नाही तर शिक्षण सोडून परत जावं लागणार होतं. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती.

ज्यांच्या घरचं कुणी सहसा विद्यापीठात पोचत नाही, अशांसाठीच ती शिष्यवृत्ती होती. तरी अर्जासोबतच्या, अकरा वेळा लिहिलेल्या माझ्या पत्रात एक वाक्य होतं, "आई शिक्षणक्षेत्रात आहे." आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. वडील नाहीत. घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नाही. पण पुण्याच्या कॉलेजात "तुमचं काय बाई, तुम्हाला सगळं फुकट" हे ऐकून ऐकून मी शहाणी झाले होते, आणि तो शहाणपणा जर्मनीपर्यंत सोबत आणला होता. खरं घर दाखवलं तर कुणी दारात उभं करणार नाही, अशी खात्रीच होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. माझ्या नुसत्या "हॅलो"वरून ती ओळखते. म्हणाली, "नवरात्रातला मंगळवार हाय. पाच घरं जोगवा माग."

"आई, इथं न सांगता कुणाच्या दारात जात नाहीत गं."

"मग भवानीनं काय तिकीट काढून यावं व्हय तुझ्याकडं? माग म्हणते ना."

दर नवरात्रात आई परडी घेऊन देवीच्या नावानं पाच घरी पीठ मागायची. मैत्रिणीच्या घरावरून जाताना मी तिला ती परडी पदराखाली झाकायला लावायची. बिचारी झाकायची.

श्रद्धेपेक्षा भीतीपोटीच मी स्टीलचं ताट घेऊन बाहेर पडले. इमारतीतल्या चार घरांनी गोंधळून का होईना, पीठ, तांदूळ, ओट्स असं काहीबाही वाढलं. पाचवं दार तळमजल्यावरच्या आजींचं होतं. कचऱ्याच्या डब्यांवरून त्यांनी मला दोनदा झापलं होतं. मी बेल दाबली.

"पीठ संपलंय का तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण आज मागायचं असतं. माझी आई मागते."

त्या एकेक विचारत गेल्या. का कोण जाणे, ते ताट हातात असताना माझ्याने खोटं बोलवेना. खिचडीसकट सगळं सांगून टाकलं.

"आल्झो, म्हणजे तू घरातली पहिली शिकणारी," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा. वडील खाणीत होते. शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून शिकले. तुझ्या अर्जात हे लिहिलंयस ना?"

मी त्यांच्या दारातच रडले. त्यांनी ताटात मूठभर पीठ घातलं, मला आत बसवलं, आणि ते पत्र मी बाराव्यांदा लिहिलं. त्यांनी फक्त माझं जर्मन सुधारलं.

पुढचे सहा आठवडे मेल उघडायचीही धास्ती वाटायची. मग होकार आला. त्या दारात भवानी होती का, हे मला सांगता येणार नाही. मी आईला फोन केला. ती रडली आणि मग म्हणाली, "माझं काय लिवलंस त्यात?"

"शाळेत खिचडी शिजवते, असं."

"चांगली शिजवते, असं लिवायचं होतंस."

यंदाही मी पाच घरं मागितली, सुरुवात तळमजल्यापासून केली. भवानीचे उपकार मानते, आजींचे मानते, आणि आईची मनोमन माफी मागते. परडी झाकून धरली, तर देणाऱ्यानं वाढायचं कुठं?