बिनडोक्याचा मोर आणि सर्व्हर

माझ्यामुळे सासऱ्यांच्या चादरीवरचा मोर बिनडोक्याचा निघाला.

सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, अक्कलकोट रोडला चादरींचा कारखाना. मी कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा सासुरवाडीचा समज. (तो मीच जपलेला!) कारखान्यात दोन नवे कॉम्प्युटर आले. सगळ्या ऑफिसच्या ऑर्डरी सांभाळायला सर्व्हर आणि मेहुणी रेश्माला डिझाइन काढायला वर्कस्टेशन.

कॉम्प्युटर घेऊन आलेल्या दुकानाच्या माणसानं विचारलं, "सर, सर्व्हर आतल्या खोलीत ठेवू?"

"छे! सर्व्हरचा मोठा डबा रेश्माला द्या. चित्रांचं काम जड असतं. ऑर्डरी काय, छोट्यात मावतील!"

"पण सर..."

"मी सांगतोय ना!"

जावयाशी कोण वाद घालणार? रेश्मानं तो मोठा डबा सुरू केला आणि खोलीत विमान उतरल्यासारखा आवाज झाला.

"जावईबापू, ह्यो कॉम्प्युटर हाय का माग?" मामा ओरडले.

"ताकद आहे मामा, ताकद!"

तेवढ्यात हैदराबादचे व्यापारी मोराची नवी चादर बघायला आले. रेश्मानं डिझाइन उघडलं. आधी पाय आले. मग चहा आला. मग अर्धा पिसारा. शेवटी मान आली आणि मोर तिथंच अडकला!

"डोकं कुठंय?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"येतंय, येतंय!" मी घाम पुसला.

"तोवर मागची ऑर्डर दाखवा," मामांनी ऑफिसात हाक दिली. तिथून उत्तर आलं, "सगळं बंद पडलंय!"

चहा घेऊन आलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या बारक्या कॉम्प्युटरपुढं कुणीच बसलं नव्हतं. उगा चालू होता, मीच बंद केला की!"

रेश्मानं कपाळाला हात लावला. "भाऊजी, वर्कस्टेशनवर एकानं बसून काम करायचं, चित्रांसाठीचं कार्ड त्यातच असतं. सर्व्हरपुढं कुणी बसत नाही, तो सगळ्यांसाठी कायम चालू ठेवायचा. तुम्ही नेमकं उलटं केलंत!"

"व्हय का, जावईबापू?" मामांनी विचारलं.

"इंटरनेटचा जरा..." मी सुरुवात केली. पण व्यापारीसुद्धा कपाआड हसत होते. कानाच्या पाळ्या तापल्या. "व्हय," एवढंच म्हणालो.

दुकानाच्या माणसानं येऊन अदलाबदल केली. मोर डोक्यासकट उभा राहिला आणि ऑर्डरही मिळाली.

आता कारखान्यात गेलो की मामा प्रेमानं म्हणतात, "या, पंख्याखाली बसा." फक्त पंख्याचं बटण दाबायला मी उठलो, की मामा, सासूबाई, रेश्मा, तिघंही धावत येतात!