मामांची चाळीस आपट

हल्ली नव्या यंत्रात भुकटी ठेवली की उष्णतावाहकतेचा आकडा काही मिनिटांत पडद्यावर येतो. मला त्याच आकड्यासाठी घालवलेला सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा आठवतो. खिडकीला ओली चादर, टेबलावर माठ आणि माझी वही.

हायड्रोजन साठवणारी धातूची भुकटी वायू शोषताना तापते. ती उष्णता बाहेर पडली नाही, तर शोषण थांबतं. म्हणून भुकटीतून उष्णता किती वाहते ते मोजायचं, हे माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण. आणि रोजचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. सरांनी सांगून टाकलं होतं, "महिनाअखेर जुळले नाहीत तर प्रकरण काढा." ते काढलं असतं तर प्रबंधच उरला नसता.

मी यादी केली. खोलीचं तापमान, विजेचा दाब, तापमापकाची तार, भुकटीच्या डबीची गळती. एकेक तपासून खोडलं. शेवटी वहीत रकाना वाढवला: डबी यंत्रात कोणी बसवली?

रोज संध्याकाळी मी नवी भुकटी भरून डबी बंद करायची. सकाळी ती आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, सगळ्यांचे मामा, बसवायचे. त्यांच्या रजेला मी. आठ दिवसांत दिसलं, की मामांचे आकडे एकमेकांशी जुळतात आणि माझे भरकटतात.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले. मामा डबी ओट्यावर दणादण आपटत होते.

"मामा! काय करताय हे?"

"भरतोय की, ताई. घरी शेंगाचटणीच्या बरण्या अशाच भरतो. न्हाय आपटली तर वरून भरलेली दिसती, आत पोकळ."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी शिकलेल्या. मला वाटलं, ठाऊक असंल."

त्या पोकळ जागांमध्येच माझी उष्णता अडत होती. मग आम्ही मोजून आपटायला लागलो. वीस, तीस, चाळीस. चाळीसनंतर आकडा हलेना. प्रकरण प्रबंधात टिकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक नेमके त्याच पानावर थांबले. "चाळीसच का?"

मी आलेखाचा कागद शोधू लागले. चहा घेऊन आलेले मामा दारातूनच म्हणाले, "एकेचाळिसाव्याला काय बसत न्हाय, साहेब. करून बघितलंय आमी."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पान उलटलं.