वाचण्यापुरता सभासद

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. श्रीकांतने ते उलटसुलट पाहिले, माझ्या खिशातले पेन काढून खिडकीत ठेवले आणि मगच टिपणांची फाईल दिली. आतून त्याची आई म्हणाली, "पडवीतच बस हो. कागदाला मासळीचा वास लागला की जात नाही."

घर वकिलाचे. माझे वडील मिरकरवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, जाळी विणत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. श्रीकांत, विजय आणि मी, कॉलेजातल्या आम्हा तिघांचा एक गट होता. प्रत्येकाने एका विषयाची व्याख्याने टिपून घ्यायची आणि सारी टिपणे श्रीकांतकडे एकत्र ठेवायची. रसायनशास्त्र माझ्याकडे होते. ते दोघे फाईलमधून हवे ते उतरवून घेत. मला केवळ वाचण्याची मुभा. मी ती उपकार म्हणून स्वीकारली. निघताना आभारही मानत असे.

परीक्षा जवळ आली. नापास झालो तर शिक्षण बंद, हे घरात ठरले होते.

"गणिताची पाने तेवढी उतरवून घेऊ दे," मी श्रीकांतला म्हणालो.

"आणि उद्या ती सगळ्या मिरकरवाड्यात फिरू द्यायची? नको रे बाबा."

"मी गटात नाही?"

"आहेस की! म्हणून तर वाचायला देतो."

विजय खो-खो हसला. "ह्याला सभासद करून घेतलाय, वाचण्यापुरता!"

किती सुसंस्कृत माणसे ती! शिवी नाही, उगारलेला हात नाही. माझे श्रम चालत होते. माझी वस्ती चालत नव्हती.

मी फाईलची नाडी सोडली. माझ्या अक्षरातली पाने वेगळी काढली.

"अरे, ती गटाची आहेत!"

"मी लिहिली आहेत." मी पेन उचलले आणि पायऱ्या उतरलो.

गणितात नापास झालो. वडिलांशेजारी बसून जाळी विणली, पुढे बाहेरून परीक्षा दिली. रसायनाची पाने मात्र खरोखरच मिरकरवाड्यात फिरली. ज्याला हवी त्याने उतरवली, कुणी चुका सुधारल्या, कुणी भर घातली.

आता पन्नाशी उलटली. क्षमा करावी, असे स्नेही सुचवतात. मी मनात प्रामाणिकपणे शोध घेतला. क्षमा तिथे नाही, आणि सभ्य दिसण्यासाठी मी ती उसनी आणणार नाही. मला केवळ वाचण्यापुरते बसवून घेणाऱ्या दारात मी उभाही राहणार नाही.