दांडी न धरता

नाशकात मी टिकले ती कमलकाकूंमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगताना मी घाबरते आणि मुद्दाच राहून जातो.

काकू एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. म्हसरूळला आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी पाच-सहा बायकांना योगासनं शिकवायच्या, त्याही कंडक्टरच्याच थाटात. "आत सरका, हात पसरायला जागा ठेवा. श्वास भरला? टिंग, थांबा. आता टिंग टिंग, सोडा."

मी सातवीतून शाळा सोडलेली, हिंगोलीकडची. दिंडोरीजवळच्या पॅकिंग शेडमध्ये दिवसभर उभं राहून द्राक्षांचे घड डब्यांत भरायचे. तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले. सुपरवायझर जवळ आला की छाती धडधडायची आणि मी खालीच बसायची. "पुन्हा बसलीस तर उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला. मी त्याच संध्याकाळी गावी परतायला पिशवी भरली. जिन्यात काकू भेटल्या.

"तिकीट काढलं?"

"नाही."

"मग प्रवास सुरू झाला नाही. पिशवी ठेव, वर चल."

वर त्यांनी मला नुसतं उभं केलं. "हे ताडासन. ताडाचं झाड खाली घट्ट, वर मोकळं. तुझं उलटं आहे पोरी. खांदे आवळलेले, गुडघे ढिले." मग एका पायावर, वृक्षासन. मी कठडा धरला.

"दांडी सोड. मी सप्तशृंगीच्या घाटात दोन्ही हातांनी तिकिटं फाडलीत. आणि पायाकडे बघू नको, तो कुठं पळत नाही. समोरच्या टाकीकडे बघ."

रोज कामावरून आले की भिंतीला पाय टेकवून निजवायच्या, सूज उतरायची. सकाळी बायकांबरोबर शवासन मात्र जमेना, डोळे सारखे उघडायचे. काकू म्हणाल्या, "अगं, शव म्हणजे प्रेत. प्रेताला कधी सुपरवायझरची भीती वाटते का?" गच्चीभर हशा पिकला. त्या दिवशी मी चक्क घोरले म्हणे.

शेडमध्ये मग वजनकाट्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवून मी पाय रोवायची. सुपरवायझर आला, जरा थांबला, पुढे गेला. मनात म्हटलं, टिंग टिंग. हंगाम पुरा केला. पुढच्या वर्षी शेडवाल्यांनीच फोन करून बोलावलं.

आता काकू गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेल्यात. जाताना जिन्याचा कठडा घट्ट धरून उतरत होत्या. मी बघितलं तर म्हणाल्या, "हसू नको, गाडी जुनी झालीय."

परत आल्या की त्यांना गच्चीवर मी नेणार आहे. कठड्यापासून लांब उभं करीन, समोरची टाकी दाखवीन, आणि तोल गेलाच तर सावरायला अगदी जवळ थांबेन. त्याला किती हंगाम लागतील ते लागोत, तोवर मी नाशकातच आहे.