राखेसकट

फ्रान्समधल्या एका लहान गावात लेक-जावयांबरोबर आठवडी बाजाराला गेले होते. शेळीच्या दुधाचं चीज विकणाऱ्या म्हातारीने मला चाखायला एक चकती दिली. कड राखेने काळपट, आत पांढरीशुभ्र. चुलीवरच्या भाकरीची राख झटकावी तशी मी ती बोटाने झटकायला लागले, तर बाईने माझा हातच धरला.

"राखेसकट खायचं म्हणतेय," लेक म्हणाली.

तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक पर्यटक नाक मुरडून काहीतरी पुटपुटला. म्हातारी उसळली. लेकीने हसत हसत मला सांगितलं, "त्याला वास आवडला नाही. ही म्हणाली, शेळीच्या दुधाला शेळीचाच वास येणार. गुलाबाचा हवा असेल तर फुलवाली पलीकडे बसते."

मला हसू आलं नाही. माझ्या आईच्याही दोन शेळ्या होत्या. त्यांच्याच दुधावर मी वाढले. पण सासरची माणसं माहेरी आली की मी आधी चुलीपाशी धावायची आणि चहात मूठभर वेलदोडे टाकायची, दुधाचा वास लपावा म्हणून. आई नुसती बघायची. ज्या दुधाने माझी हाडं घडवली, त्याचीच मला लाज! आणि ही बाई त्याच वासावर दुकान मांडून ताठ बसलेली.

मी अख्खं चीज घेतलं. परतताना गाडीत वास पसरला तशी जावयांनी हळूच काच खाली केली.

"काच वर घ्या, जावईबापू," मी म्हटलं.